टोकाची भर

टेकडीवरच्या वस्तीतील पवनचक्कीच्या तीन पात्यांपैकी एका पात्याचे टोक गारपिटीत तुटले, ही घटना स्वतःपुरती अत्यंत किरकोळ होती. तुटलेला भाग वीतभर लांबीचा होता. पण पवनचक्कीचे वागणे तराजूसारखे असते : एक पाते वीतभर हलके झाले की उरलेली दोन त्याच्यापुढे जड ठरतात, फिरताना मनोरा थरथरू लागतो आणि कोणत्याही शहाण्या यंत्राप्रमाणे चक्की आपणहून थांबते. चक्की थांबली म्हणून तिच्यावर चालणारा पंप थांबला. पंप थांबला म्हणून दरीतल्या झऱ्याचे पाणी वस्तीच्या टाकीत चढेनासे झाले. आणि पाणी चढेनासे झाले म्हणून पवनऊर्जा महामंडळाच्या यंत्रशाळेत काम करणाऱ्या अभियंताबाईंच्या आत्याला, गुडघे दुखत असताना, दोन बादल्या घेऊन रोज दरीत उतरावे लागू लागले.

"अगं, उतरण्याचं काही नाही," आत्या फोनवर म्हणाली. "उतारावर गुडघे आपले आपण जातात, मी नुसती त्यांच्या मागून चालते. चढताना मात्र ते म्हणतात, तू हो पुढे, आम्ही येतो."

ही आत्या म्हणजे केवळ वडिलांची बहीण नव्हती. आईवडिलांच्या पश्चात तिनेच अभियंताबाईंना वाढवले, शाळेत घातले, आणि "वारा फुकट आहे, त्याच्यावर कोणीतरी शिकायला हवं," असे म्हणून अभियांत्रिकीला पाठवले. आता तो फुकटचा वारा टेकडीवर घोंघावत होता, पाणी दरीत होते, आणि दोहोंच्या मध्ये वीतभर तुकड्याची उणीव होती.

"लोक मला विचारतात, तुमची भाची नक्की काय करते," आत्या म्हणाली. "मी सांगते, वाऱ्यावर असते."

"आत्या, आठवडाभर कळ काढ. तो तुकडा मी इथेच छापणार आहे. माझ्या यंत्रावर."

"छापणार? कागदाचा?"

"नाही गं. जुनी, निकामी पाती दळायची, त्यांची पूड वितळवायची, आणि नळीतून टूथपेस्ट काढावी तशी थरावर थर देत नवा तुकडा उभा करायचा. काही कापायचं नाही, काही वाया जायचं नाही."

"म्हणजे म्हाताऱ्या पात्यांतून तरुण पातं. बरं आहे. माझ्या गुडघ्यांचं पण विचारून ठेव."

अभियंताबाईंनी 'आठवडा' हा शब्द विचारपूर्वक वापरला होता. आराखडा तयार होता, पूड तयार होती, यंत्र तापायला फारसा वेळ लागत नव्हता. एकच गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती : भाषा.

महामंडळाची वीज स्वच्छ होती, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. धूर नाही, राख नाही, काजळी नाही. फक्त इमारतीच्या मागच्या आवारात आयुष्य संपलेली पाती एकावर एक रचून ठेवली होती, किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांसारखी. ती कुजत नसत, गंजत नसत, आणि भंगारवाला त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करून निघून जाई. पाहुण्यांना ती दिसू नयेत म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांना निसर्गचित्रांचे पडदे लावले होते. याच पात्यांतून नवे भाग घडवणारे यंत्र आले, तेव्हा आता पडदे काढता येतील, अशी आशा निर्माण झाली आणि त्या आशेला साजेसे नाव शोधण्याचे काम भाषा अधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आले.

भाषा अधिकारी हे अतिशय सचोटीचे गृहस्थ होते. चिमूटभर शब्दासाठी खंडीभर विचार करणारे. त्यांनी या पद्धतीला 'भरनिर्मिती' हे नाव दिले आणि व्याख्या केली : 'ज्या निर्मितीत काहीही कापले, तासले, छाटले अथवा वगळले जात नाही, केवळ भर घातली जाते, ती भरनिर्मिती.' व्याख्या निर्दोष होती. अभियंताबाईंनी स्वतः तिला दाद दिली. घोटाळा झाला तो परिपत्रकाच्या विषयात. तेथे 'महामंडळाच्या यंत्रशाळेत' असे लिहायचे होते. 'यंत्रशाळा' तेवढी राहून गेली. त्यामुळे विषय असा झाला : 'महामंडळात भरनिर्मिती तत्काळ लागू करण्याबाबत.'

महामंडळात ती तत्काळ लागू झाली.

मसुद्यातील चुकीचे शब्द खोडणे बंद झाले. चुकीच्या शब्दाशेजारी बरोबर शब्द लिहून दोघांनाही सांभाळून घेण्यात येऊ लागले. एका वरिष्ठांनी टिपणीवर 'असहमत' असे लिहिले आणि दुपारी त्यांचे मत बदलल्यावर पुढे 'सहमत' असे जोडले. कनिष्ठांनी दोन्ही आदेशांचे पालन केले. प्रवेशद्वारावरच्या फलकात रंगाऱ्याने 'पवनऊर्जा'च्या जागी 'पावनऊर्जा' रंगवले होते, ती चूक दुरुस्त होऊन फलक 'पावनऊर्जा पवनऊर्जा महामंडळ' असा झाला. सफाई विभागाने कचरा जागच्या जागी ठेवला, कारण उचलणे ही वजाबाकी ठरते. तो कुजू लागला तेव्हा, कचरा उचलणे म्हणजे कचराकुंडीत भर घालणेच होय, असा खुलासा भाषा अधिकाऱ्यांनी केला, आणि सर्वांनी नाकावरचे रुमाल काढून त्यांचे आभार मानले.

संचालकांना हे धोरण मनापासून पटले. ते अत्यंत भले गृहस्थ होते. त्यांना आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणता आले नव्हते. भरनिर्मितीने त्या दुर्बलतेला धोरणाचा दर्जा दिला.

तुकड्याच्या मंजुरीची बैठक लंबगोल टेबलाभोवती भरली. अभियंताबाईंनी टेबलावर लाकडाचा नमुना ठेवला : माशाच्या शेपटासारखा, निमुळता, एका हातात मावणारा.

"एवढंच?" संचालकांनी विचारले. त्यांच्या स्वरात किंचित निराशा होती.

"एवढंच तुटलंय, सर."

"सुबक आहे. माझी काही हरकत नाही. कोणाला काही भर घालायचीय?"

यापुढे जे घडले ते प्रत्येकाने सद्भावनेने घडवले, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. सुरक्षा अधिकाऱ्यांनी सुचवले की तुकड्यावर उठावदार अक्षरांत 'पाते फिरत असताना हात लावू नये' अशी सूचना असावी.

"सर, ते टोक एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीइतकं वर असतं," अभियंताबाई म्हणाल्या. "शिवाय फिरताना ते वाचता येणार नाही कोणाला."

"वाचता येत नाही म्हणूनच लोक हात लावतात," सुरक्षा अधिकारी म्हणाले.

मालमत्ता विभागाने तुकड्यावर मालमत्ता क्रमांक मागितला, आणि तो झिजला तर कोणता क्रमांक झिजला हे कळावे म्हणून शेजारी आणखी एक क्रमांक मागितला. जनसंपर्क विभागाने महामंडळाचे बोधचिन्ह मागितले. पाठीमागून पाहणाऱ्या नागरिकाला ते उलटे दिसेल, म्हणून मागच्या बाजूलाही मागितले. कर्मचारी कल्याण विभागाने देखभालीसाठी वर चढणाऱ्या माणसाला टेकायला एक बाकडे मागितले. पर्यावरण अधिकारी बाई शेवटी बोलल्या.

"पाती पक्ष्यांना मारतात, असा आपल्यावर कायमचा ठपका आहे. आपण टोकावरच घरटं दिलं, तर ठपकाच राहत नाही."

"बाई, ते टोक वादळापेक्षा जोरात फिरतं."

"मग घरट्याला कठडा द्या."

अभियंताबाईंना डोळ्यांसमोर आत्याच्या बादल्या दिसत होत्या. त्यांनी शांतपणे सांगून पाहिले. "सर, बाकीचं एक वेळ ठीक आहे. पण घरटं तेवढं काढून टाकलं तर बरं होईल."

कोणाचा तरी चमचा बशीवर वाजला. वृत्तांत लिहिणाऱ्याने पेन वर धरले आणि संचालकांकडे पाहिले. संचालकांनी भाषा अधिकाऱ्यांकडे पाहिले.

"'काढून टाकणे' हे वृत्तांतात कसं घ्यायचं?"

भाषा अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. बाईंना मदत करावी असे त्यांना खरोखरच वाटत होते. "असं लिहिता येईल, सर : 'घरट्याच्या अभावाची भर घालण्यात यावी.'"

"उत्तम. घाला."

अशा रीतीने आराखड्यात कठडा असलेल्या घरट्याशेजारी, त्याच मापाचा एक रिकामा कोनाडा आला. त्यावर 'घरट्याचा अभाव' अशी पट्टी होती.

संध्याकाळी फोनवर आत्याने विचारले, "झाला का तुकडा?"

"मंजूर झाला, आत्या. थोडा मोठा झालाय."

"तान्हं मूल आहे का ते, मोठं व्हायला?"

तुकडा मोठा झाला होता म्हणजे मूळ पात्यापेक्षा जड झाला होता. तो एका पात्याला लावला असता तर मनोरा थरथरण्याऐवजी आडवाच झाला असता. अभियंताबाईंनी हे पुढच्या बैठकीत आकृती काढून दाखवले. संचालकांनी ते काळजीपूर्वक ऐकून घेतले.

"म्हणजे एका बाजूला भर जास्त होतेय."

"हो, सर."

"मग दुसऱ्या दोन बाजूंनाही घालू. अन्याय कोणावरच नको."

दोन्ही धडधाकट पात्यांसाठी तेवढेच जड तुकडे मंजूर झाले. ते पेलण्यासाठी मनोऱ्याला बाहेरून वेष्टन मंजूर झाले. वेष्टनासाठी पाया, पायासाठी आधारभिंत, आणि आधारभिंतीवर उद्‌घाटनाच्या पाटीसाठी जागा. हे सर्व सुटे सुटे छापले तर जोड द्यावे लागतील, जोड देण्यासाठी कडा तासाव्या लागतील, आणि तासणे हे व्याख्येत बसत नाही; म्हणून सर्व काही एकसंध, एकच तुकडा म्हणून छापावे, असे ठरले. यंत्राला वीज कमी पडू लागली तेव्हा डिझेलचा जनित्रसंच आणण्यात आला. तो मागच्या आवारात, निसर्गचित्रांच्या पडद्यांपलीकडे बसवण्यात आला.

मागच्या आवारात आता जागा होती, हे कबूल केले पाहिजे. जुनी पाती सगळी दळून झाली होती. महामंडळाच्या इतिहासात प्रथमच आवार रिकामे झाले, आणि त्याबद्दल सत्कारही झाला. अडचण एवढीच होती की तुकडा अर्ध्यावर होता आणि पूड संपली होती.

"नवा माल मागवू या," अभियंताबाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"छे," पर्यावरण अधिकारी बाई म्हणाल्या. "तुकडा पूर्णपणे जुन्या पात्यांचा आहे, असं आपण जाहीर केलंय. नव्याचा कणही चालणार नाही."

"पण जुनी पाती उरली नाहीत."

"उरली नाहीत कशी? फिरतायत ती काय नवी आहेत?"

या प्रश्नाला तर्काने उत्तर नव्हते. फिरणारे प्रत्येक पाते काल होते त्यापेक्षा आज जुने होते. त्या आठवड्यात 'निवृत्तीपूर्व पुनर्वापर योजना' अमलात आली आणि चालू पवनचक्क्यांची पाती उतरवून दळणे सुरू झाले. उतरवणे ही कपात नव्हे का, असा प्रश्न कोणीतरी विचारला. ती पूडसाठ्यात भर आहे, असे उत्तर आता भाषा अधिकाऱ्यांना विचारावेही लागले नाही, शिपायानेच दिले. ज्या वस्त्यांच्या चक्क्या गेल्या त्यांची नावे तुकड्यावर ठळक अक्षरांत छापण्यात येऊ लागली. लोकांनी अंधारात बसून टाळ्या वाजवल्या, असे वृत्तपत्रांतून आले. टाळ्या ऐकू आल्या होत्या. कोण वाजवत होते ते दिसले नव्हते.

अभियंताबाई रोज सकाळी यंत्रशाळेत येत आणि यंत्राची नळी थरावर थर देत असलेली पाहत. तुकडा आता शेडच्या छताला टेकला होता. त्याच्या एका कोपऱ्यात, शिडी लावून पाहिले तर, मूळचा वीतभर भाग अजून ओळखू येत असे. तो त्यांनी अगदी बरोबर काढला होता.

याच सुमारास वारामापन विभागाचा अहवाल आला. हा विभाग वारा थेट मोजत नसे. चक्कीने किती वीज दिली यावरून वाऱ्याचा अंदाज बांधत असे, कारण वारा बेभरवशाचा आणि वीज नोंदलेली. टेकडीवरच्या चक्कीने कित्येक महिने काहीच वीज दिली नव्हती. सबब, टेकडीवर वारा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो भाग 'निर्वात क्षेत्र' म्हणून घोषित झाला.

"वारा नाही?" आत्या म्हणाली. फोनमध्ये तिच्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता. "माझ्या उशीचा अभ्रा दोरीवरून उडून शाळेच्या छपरावर बसलाय. त्याला सांगायला पाठव तुमच्या साहेबांना."

"आत्या, मी बोलते त्यांच्याशी."

"तू बोलतेस गं, चांगलं बोलतेस. पण काल मी उतारावर बसले ती बसलेच. शेजारणीने उठवलं. म्हणाली, आत्या, बादली इथेच राहू दे, आधी तुम्हाला वर नेते. तेव्हा मला वाटलं, आता आपण पाण्याहून जड झालो."

आत्याने आजवर गुडघ्यांची थट्टा केली होती. थट्टेशिवाय त्यांच्याविषयी ती आज पहिल्यांदा बोलली होती.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या टेबलावर पुढच्या पुडीसाठीची शिफारस सहीला आली. निर्वात क्षेत्रात पवनचक्की असणे विसंगत असल्याने, टेकडीवरची चक्की उतरवून दळावी. तुकडा पुरा व्हायला नेमकी तेवढीच पूड हवी होती. अभियंताबाईंनी ती शिफारस पुन्हा वाचली. त्या चक्कीच्या टोकासाठी आता तीच चक्की दळायची होती.

त्या परत आपल्या जागेवर गेल्या नाहीत. त्या 'पाली'ला शोधायला गेल्या.

पाल हा देखभाल विभागातला दोरावर चढणारा माणूस. मनोऱ्याला असा चिकटून जाई की सगळे त्याला पालच म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देई. अभियंताबाईंनी त्याला करवत आणि कानस घ्यायला सांगितले.

"बाई, करवत तर कपाटात बंद आहे. वर 'कालबाह्य अवजार' अशी चिठ्ठी आहे."

"किल्ली?"

"किल्ली आहे की. किल्लीवर कुठे चिठ्ठी आहे?"

टेकडीवर पोहोचल्यावर दोघांना झाडाला धरून उभे राहावे लागले, इतके ते निर्वात क्षेत्र होते. वारा जरा पडल्यावर ते मनोऱ्यावर चढले, एकेक पाते खाली वळवून, ते फिरू नये म्हणून चक्कीला कुलूप लावले, आणि दोघेही दोर बांधून पात्यावर उतरले. अभियंताबाईंनी तुटलेल्या टोकाची दातेरी कड सरळ कापली. मग उरलेल्या दोन्ही धडधाकट पात्यांचीही टोके मोजून तेवढीच कापली, आणि कानशीने गोलसर केली. तिन्ही पाती सारखी झाली. प्रत्येकी वीतभर आखूड, पण सारखी. खाली आत्या डोक्याला फडके गुंडाळून, मान वर करून उभी होती.

"काय गं करतेस वर?"

"केस कापतेय, आत्या."

कुलूप काढले. चक्कीने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि ती फिरू लागली. पूर्वीपेक्षा किंचित सावकाश, पण न थरथरता. थोड्या वेळाने टाकीच्या तोंडाशी हवा खोकली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आले. आत्याने ओंजळ धरली आणि पाणी न पिता नुसतेच पाहत राहिली. मग तिने दोन्ही बादल्या उपड्या घातल्या आणि त्यांतल्या एकीवर बसली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच होतं."

चौकशी होणार, हे अभियंताबाईंनी गृहीत धरले होते. आरोप एका शब्दाचा होता : कपात. चौकशी समितीपुढे त्यांनी सांगितले की चक्की चालू आहे, पाणी चढते आहे. वारामापन विभागाने हरकत घेतली की निर्वात क्षेत्रात वीज निर्माण होणे शक्य नाही. तेव्हा ती वीज कोठून येते, याची वेगळी चौकशी व्हावी. वेगळी चौकशी मंजूर झाली. अपराध सिद्ध झाल्यावर शिक्षेचा प्रश्न आला. बडतर्फी, पदावनती, वेतनकपात या सर्व शिक्षा वजाबाकीच्या असल्याने देता येत नव्हत्या. म्हणून त्यांच्यावर देखरेखीसाठी नवे वरिष्ठ नेमण्यात आले, त्या वरिष्ठांवर आणखी एक, आणि त्यांच्या पदनामात 'कपात-सिद्ध' हे विशेषण जोडण्यात आले. नवख्या माणसाला ती पदवी वाटे.

समिती उठल्यावर संचालक मागे राहिले. खिडकीच्या पडद्यावरच्या धबधब्याकडे पाहत म्हणाले, "खरं सांगू, बाई? तुम्ही केलंत ते कळलं तेव्हा मला बरं वाटलं. पण आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर?"

"तर मी हो म्हटलं असतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "आणि त्याच बैठकीत आणखी चार गोष्टींना हो म्हटलं असतं." मग ते म्हणाले, "तुमच्या टेकडीची शिफारस माझ्याकडेच आहे. सही करत नाही मी. 'नाही' म्हणत नाही, हां. नुसती सही करत नाही. कोणी विचारायला येईपर्यंत चालेल तसं."

अभियंताबाईंना त्यांच्याविषयी त्या दिवसाइतका आदर कधी वाटला नव्हता.

विचारायला कोणी येईल, असे दोघांनाही वाटले नव्हते. पण पावसाळ्याआधी टेकडीवरच्या वस्तीचे शिष्टमंडळ महामंडळात आले. अग्रभागी आत्या होती. पाणी घरात येऊ लागल्यापासून तिच्या गुडघ्यांना विश्रांती मिळाली होती, म्हणून ती बसथांब्यापासून चालतच आली. अभियंताबाई आनंदाने सामोऱ्या गेल्या. आभार मानायला आले असतील, अशी त्यांची समजूत होती, आणि अशी समजूत करून घेण्याइतक्या त्या अजून तरुण होत्या.

सगळे आधी शेडमध्ये तुकडा पाहायला गेले. शेडची एक भिंत आता तुकड्याच्या आत गेली होती. आत्याने मान वर केली, मग आणखी वर केली.

"केवढं हे," ती म्हणाली. "आणि आम्हाला मात्र कापून दिलंस."

"आत्या, पाणी येतंय ना?"

"येतंय की. पाण्याचं कोण बोलतंय?" तिने तुकड्यावरच्या नावांवरून हात फिरवला. "हे बघ, पलीकडच्या डोंगरावरची वस्ती. हे बघ, नदीकाठची. सगळे आहेत. तिथले लोक आम्हाला फोटो दाखवतात, म्हणतात तुम्ही कुठे आहात? आमची तिन्ही पाती आखूड. लग्नाला आलेले पाहुणे वर बघतात आणि काही बोलत नाहीत, एवढं लाजल्यासारखं होतं."

"त्या वस्त्यांच्या चक्क्याच नेल्यात, आत्या. ते लोक अंधारात बसलेत. आणि पाणी…"

"हो, पण नाव आहे ना. अंधार काय, आम्हीही बसलोय पूर्वी." आत्या पुढे सरकली आणि रिकाम्या कोनाड्यापाशी थांबली. त्यात हात घालून पाहिला. "हे काय?"

अभियंताबाईंनी खाली पाहिले. "घरट्याचा अभाव."

"छान गुळगुळीत आहे गं. असा एक आम्हालाही द्यायला सांग."

संचालक समोरच उभे होते. त्यांनी अभियंताबाईंकडे एकदा पाहिले. त्या नजरेत क्षमायाचना होती, हे बाईंना मान्य करावेच लागले. मग शिष्टमंडळाकडे वळून ते म्हणाले, "हो. का नाही?"

शिफारशीवरची राहिलेली सही त्याच दिवशी झाली. टेकडीवरची चक्की उतरली तेव्हा वारा जोरात होता. पूड नेमकी पुरली. वस्तीचे नाव छापण्याचे काम, आपुलकीचा भाग म्हणून, अभियंताबाईंनाच देण्यात आले. त्यांनी ते नळीने थर देत, एकही वेलांटी न चुकवता छापले. काही दिवसांनी फोन आला.

"काय म्हणतेस, आत्या?"

"मजेत. तुझं ते नाव फार सुरेख आलंय, सगळे म्हणतात. मी झऱ्यावरून बोलतेय. इथे बरी रेंज मिळते."

"झऱ्यावर? बादल्या घेऊन?"

"अगं, उतरण्याचं काही नाही," आत्या म्हणाली.

तुकडा अजून पूर्ण नाही, कारण भर थांबलेली नाही. पाहायला येणाऱ्यांसाठी दाराशी एक जबाबदार व्यक्ती बसवली आहे, ती प्रत्येकाला विचारते, "यात आणखी काय हवं?" 'यातून काय नको' हे विचारण्याचेही एक पद मंजूर आहे, पण त्यासाठी अद्याप कोणाचा अर्ज आलेला नाही. येणारे लोक जाणते असतात. आधी हसतात, घरट्याच्या अभावात डोकावून एकमेकांना कोपर मारतात, यंत्रणेला नावे ठेवतात, आणि जाताना थबकून म्हणतात, तेवढे एक मात्र असायला हवे होते. आपल्यालाही इथवर येता येता मनात काहीतरी आलेच असेल : त्या पालीचे पुढे काय झाले, शेवट जरा गोड हवा होता, आत्याच्या गुडघ्यांसाठी काही करायला हवे होते. सूचनेची नोंद झाली आहे. डाव्या बाजूला, छताजवळ, आपल्यासाठी जागा ठेवली आहे. फक्त पूड थोडी कमी पडते आहे. आपल्या घरावर फिरणारे काही असेल, तर कळवावे.